मीठ कुणाचं

बोट मी कधी पाहिली नाही.
ती केयोनला असते, इथून दक्षिणेला
एक रात्र, एक दिवस आणि एक फेरी ओलांडून.
नाव ‘ला पोर्फियादा’. म्हणजे हट्टी.
मला तिच्या फक्त बाटल्या माहीत,
निळ्या झाकणाच्या, वीतभरही नाहीत,
दर अडीचशे तासांनी एक
ताल्काउआनोच्या या प्रयोगशाळेत कुरिअरनं येणाऱ्या.
चिकटपट्टीवर एडुविना नाउएल्कीनचं अक्षर:
तास, तारीख, तेलाची जात.
कधी अक्षरावरच चिकटलेला एखादा खवला.

आठ बाटल्या आल्या.
लोखंड अकरा, बारा, पुन्हा अकरा.
तांबं तीन. शिसं असून नसल्यासारखं.
निरोगी माणसाइतकं कंटाळवाणं इंजिन.
मी सही करायचे आणि चहाला जायचे.

नवव्या बाटलीत सोडियम, चाळीस.
दहावीत एकशे नव्वद, आणि शिसं वर.
फोन लावला. ती समुद्रात, रेंज नाही.
संध्याकाळपर्यंत इंजिनानं स्वतःच उत्तर दिलं.
दोन हजार पाचशे नव्वद तास.
हमी तीन हजारांची.

कंपनीचा माणूस सान्तियागोहून आला, इस्त्रीच्या शर्टात.
म्हणाला, बाई, पाणी कुठं मुरतंय ते दिसतंय.
सोडियम म्हणजे मीठ, मीठ म्हणजे समुद्र,
समुद्र आत आला म्हणजे तुमचा हलगर्जीपणा.
हमीत समुद्र बसत नाही.

तिनं वह्या पुढे केल्या. शाळेच्या,
मुखपृष्ठावर फुटबॉलवाले.
खोटी वही त्याला वासानं कळते:
एक पेन, एक बैठक, सगळे आकडे गोल.
हिच्यात चार रंगांची शाई,
फिल्टरचा नंबर दोनदा खोडलेला,
आणि सोळाव्या पानावर, कुणी न विचारता,
‘वादळ. बंदर बंद. तेल तीस तास उशिरा बदललं.’
त्या ओळीवर बोट ठेवून तो खूश झाला.
मग ती पुन्हा वाचली,
आणि पुढची पानं जरा हळू उलटली.

माझ्याकडे वही नाही.
मला तेलालाच विचारावं लागतं,
सांग, कुणाचं मीठ खाल्लंस?
समुद्र एकटा येत नाही कधी,
मॅग्नेशियम करवलीसारखं मागं मागं येतं.
या जातीच्या तेलात ते मुळातच नसतं,
दहाव्या बाटलीतही नव्हतं.
होतं पोटॅशियम,
सोडियमच्या हातात हात घालून आलेलं.
म्हणजे कूलंटचं मीठ. बाहेरचं नव्हे, घरातलं.
ऑइल कूलरच्या पोटात, जिथं कुणाचं बोट पोचत नाही,
कारखान्यातला एक डाख कच्चा राहिला होता.

जुन्या बाटल्या मी फेकत नाही,
कपाटावरून साहेब ओरडतात.
नववी काढली, पुन्हा लावली. तेच.
अहवाल दोन पानांचा. विशेषण एकही नाही.

बारा आठवडे लागले.
बारा आठवडे शिंपल्यांचे दोर
तिनं दुसऱ्याच्या बोटीनं ओढले, भाडं रोख.
ते कुठल्याच कागदात बसत नाही.
इंजिन मिळालं. मजुरी मात्र निम्मीच दिली,
त्या तीस तासांकडे बोट दाखवून.
त्या तासांचा या मरणाशी काय संबंध,
मी फोनवर जवळजवळ ओरडलेच.
ती म्हणाली, झाला होता ना उशीर?
आणि कुणाशी तरी आमिषाच्या भावावरून भांडायला लागली,
फोन तसाच कानाला.

परवा बाटली आली, नव्या इंजिनाची पहिली.
तांबं चढलेलं, सिलिकॉन चढलेलं.
नव्याचं असंच असतं, गॅस्केटचा लेप सुटतो,
धातू धातूला ओळखून घेतो.
काळजी नको, असं लिहिलं.
मग चिकटपट्टी नीट पाहिली:
तास बावन्न.
दोन उशिरा. भरती चुकली.